गाडी गचके देतेय? आधी प्लग बघा

आज आम्ही बचतीचं, हप्त्याचं किंवा मसाल्याच्या पॅकिंगचं बोलणार नाही. आज बोलायचंय आपल्या गाडीबद्दल. चालता चालता गचके देणारी, चढाला दम टाकणारी, गॅरेजवाले ज्याला ‘मिसिंग मारते’ म्हणतात त्या गाडीबद्दल.

हा विषय बायकांच्या कार्यक्रमात कशाला, असं कुणी म्हणेल. पण आपल्या गटांमधल्या कितीतरी जणींनी गाड्या घेतल्यात, कुणी गटाच्या कर्जातून, कुणी भिशीतून. त्या गाडीवरून डेअरीला दूध जातं, बाजाराला पापड जातात, लेक कॉलेजला जाते. डेअरीचा काटा ठरलेल्या वेळेला बंद होतो, तो आपल्या गाडीसाठी थांबत नाही. वाटेत गाडी अडली की दहा लिटर दूध घरी परत येतं, आणि कारण काय, तर शंभर-दीडशे रुपयांचा प्लग. आरसीवर नाव बाईचं, हप्ता भरणार बाई, आणि गाडी बिघडली की ‘हे आले की बघतील’ म्हणून ती दोन दिवस अंगणात उभी. त्या दोन दिवसांची मजुरी कोण भरून देणार?

आपल्याला मेकॅनिक व्हायचं नाहीये. पण बिघाड कुठल्या बाजूचा आहे हे ओळखणं, आणि त्यातली सोपी कामं घरच्या अंगणात करणं, हे आपल्याला नक्की जमतं. आम्ही आमच्या गटांच्या बैठकीत हे करून बघतो, म्हणून सांगतोय.

आधी इंजिनात काय चालतं ते समजून घेऊ. आपली चूल आठवा. चूल पेटायला तीन गोष्टी लागतात : जळण, वारा आणि काडी. जळण ओलं असलं तर धूर होतो. वारा लागला नाही तर फुंकणी घ्यावी लागते. काडी सर्दावली तर बाकी सगळं असून उपयोग नाही. इंजिनाचंही तसंच. पेट्रोल हे जळण, फिल्टरमधून येणारी हवा हा वारा, आणि प्लगची ठिणगी ही काडी. चौथी गोष्ट म्हणजे दाब. पेट्रोल आणि हवा एकत्र दाबली जातात आणि मग ठिणगी पडते.

गाडी जागेवर उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण १७०० फेरे घेतं. दर दोन फेऱ्यांना एकदा आतलं मिश्रण पेटतं, म्हणजे सेकंदाला चौदा वेळा. त्यातली एखादी वेळ हुकली की आपल्याला गचका बसतो. मिसिंग म्हणजे एवढंच : पेटायची वेळ आली आणि पेटलं नाही. न पेटलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरमध्ये जातं. कधी तिथं जाऊन पेटतं, मग फटाक्यासारखा आवाज येतो. आजकालच्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारी जाळी असते, तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. न जळलेलं पेट्रोल तिथं जळत राहिलं तर ती जाळी फार तापून खराब होते, आणि ती महाग असते. म्हणून ‘चालतीये ना, चालू दे’ असं म्हणून महिनोन् महिने गाडी रेटू नये.

आता बिघाड शोधायचा कसा? महिन्याचा हिशोब जुळला नाही आणि पन्नास रुपये कमी पडले, तर आपण काय करतो? सगळी वही फाडून नवी लिहीत नाही. एकेक रकाना तपासतो. सोप्यापासून सुरुवात करतो, कुणाची पावती राहिली का ते आधी बघतो. गाडीचंही असंच करायचं. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, एकच बदलायची, मग गाडी चालवून बघायची. प्लगही बदलला, फिल्टरही बदलला, पेट्रोलही ओतून नवं भरलं आणि गाडी सुधारली, तर दोष कशात होता ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तिन्हींचे पैसे जातात.

पाना हातात घ्यायच्या आधी वही घ्या. चार प्रश्नांची उत्तरं लिहा. एक, गाडी थंड असताना गचके देते की तापल्यावर? दोन, जागेवर उभी असताना, की चढाला आणि दोघी बसल्यावर? तीन, पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर सुरू झालं का? चार, पेट्रोल भरल्यानंतर सुरू झालं का? या चार उत्तरांत अर्धा शोध संपतो. पावसानंतर किंवा धुतल्यानंतर सुरू झालं तर संशय ठिणगीच्या बाजूवर. पेट्रोल भरल्यावर सुरू झालं तर पेट्रोलवर. जोर लावल्यावरच दम टाकत असेल तर प्लग, फिल्टर किंवा पेट्रोल कमी पोचणं. फक्त तापल्यावर होत असेल तर कॉईल किंवा व्हॉल्व्हचं काम असू शकतं, ते गॅरेजचं.

हे आमच्या एका गटातल्या ताईंच्या गाडीवरून सांगतो. पावसाळ्यात त्यांची गाडी सकाळी गचके द्यायची आणि दुपारी ठणठणीत चालायची. गॅरेजमध्ये नेईपर्यंत ऊन पडलेलं असायचं, त्यामुळं तिथं दोष दिसायचाच नाही. दोनदा कार्बोरेटर साफ करण्याचे पैसे गेले. मग ताईंनी आठ दिवस वहीत लिहून ठेवलं : रात्री पाऊस, सकाळी गचके. रात्री कोरडी, सकाळी ठीक. एका ओल्या रात्री अंगणातला दिवा बंद करून, गाडी चालू ठेवून, लांबून हात न लावता पाहिलं, तर प्लगच्या कॅपजवळ निळसर ठिणगी उडताना दिसली. रबरी कॅपला बारीक चीर होती. चिरेत पाणी शिरलं की ठिणगी प्लगपर्यंत न जाता बाहेरच निसटायची. कॅप बदलली, काम झालं. दोष सापडला तो वहीमुळं.

एक लक्षात ठेवा, प्रत्येक हादरा म्हणजे मिसिंग नसतो. स्कूटर नुसती सुटताना थरथरते आणि एकदा वेग घेतल्यावर नीट चालते, तर बहुतेक वेळा तो क्लचचा दोष असतो, इंजिनाचा नाही. ओळखायचं असं : गाडी मेन स्टँडवर उभी करा, न रेटता जागेवर चालू ठेवा आणि सायलेन्सरचा आवाज ऐका. वहीचा एक कागद सायलेन्सरच्या तोंडामागं थोडा लांब धरा. कागद एकसारखा फडफडला तर इंजिन नीट पेटतंय. मध्येच थबकला, आत ओढल्यासारखा झाला, तर समजा मिसिंग आहे.

आता काम करण्याआधीचे नियम. हे कंटाळवाणे वाटतील, पण यांच्याशिवाय पुढं जायचं नाही. गाडी अंगणात, मोकळ्या हवेत उभी करा. चूल, गॅस, उदबत्ती, विडी, काहीही पेटतं जवळ नको. बंद खोलीत किंवा पडवीचं दार लावून इंजिन चालू ठेवायचं नाही, त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. पदर खोचून घ्या, ओढणी काढून ठेवा, वेणी वर बांधा. स्टँडवर चालू गाडीचं मागचं चाक फिरू शकतं, म्हणून लेकरांना लांब बसवा. आणि प्लग काढायचा तो इंजिन पूर्ण गार झाल्यावरच. तापलेल्या इंजिनात प्लग काढायला गेलं तर हात भाजतो आणि आटेही खराब होतात.

आता प्लगकडं येऊ. किल्ली बंद करा. प्लग कुठं आहे ते गाडीसोबतच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेलं असतं. बऱ्याच स्कूटरमध्ये एक छोटं झाकण काढलं की तो दिसतो. गाडीसोबत मिळालेल्या हत्यारांत प्लग पाना असतो, तो डिकीत आहे का आजच बघा. कॅप काढताना तार ओढू नका, कॅपलाच धरून हलकं फिरवत ओढा. मग सायकलच्या पंपानं प्लगच्या भोवतीची माती उडवा, नाहीतर प्लग निघताच ती माती इंजिनात पडेल. पाना सरळ बसवा आणि घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरवा.

निघालेला प्लग उजेडात धरा. तो इंजिनाची नाडी आहे. टोकाचा रंग फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर आत सगळं बरं चाललंय. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडतेय, म्हणजे फिल्टर तुंबलाय किंवा चोक अडकलाय. काळा, तेलकट आणि चिकट असेल तर इंजिनात ऑइल जळतंय, ते गॅरेजचं काम. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही, म्हणजे ठिणगी तपासायची. पांढराफटक, फोड आल्यासारखा असेल तर इंजिन फार तापतंय, गाडी न चालवता दाखवा.

साधा प्लग काजळलेला असेल तर पितळी तारेच्या ब्रशनं हलका साफ करा आणि कोरड्या फडक्यानं पुसा. बारीक सुईसारखं टोक असलेल्या महाग प्लगला मात्र ब्रश लावू नका. ओला प्लग गॅसवर धरून वाळवायची पद्धत काही ठिकाणी आहे. ती करू नका. पेट्रोलचा प्लग आणि पेटती शेगडी एकत्र आणायची नाही. पांढऱ्या चिनीमातीला तडा असेल तर साफसफाई न करता प्लग फेकून द्या.

प्लगच्या टोकाशी एक फट असते, तिला गॅप म्हणतात. लहान गाड्यांना ती साधारण ०.६ ते ०.९ मिलिमीटर असते, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. वापरून वापरून टोक झिजतं, फट वाढते आणि जोर लावल्यावर ठिणगी हुकायला लागते. फट मोजायला फिलर गेज नावाच्या पातळ पट्ट्या मिळतात. गटात एकच घेतला तरी सगळ्यांना पुरतो. फट वाढली असेल, टोक झिजून गोल झालं असेल, तर नवा प्लग आणा. दुकानात जुना प्लग सोबत न्या, त्यावरचा नंबर बघूनच तोच घ्या. दिसायला सारखा म्हणून दुसऱ्या नंबरचा नको.

बसवताना आधी नुसत्या बोटांनी आटे धरू द्या. तीन-चार वेढे हातानं सहज गेले तरच पाना लावा. वाकडा जात असेल तर काढून पुन्हा लावा. हातानं घट्ट झाल्यावर नवा प्लग पान्यानं साधारण अर्धा वेढा, आणि तोच जुना बसवत असाल तर जेमतेम वेढ्याचा आठवा भाग. इंजिनाचे आटे ॲल्युमिनियमचे असतात, ताकद लावली की झडतात, आणि मग शंभराच्या कामाला हजार लागतात.

काही जण प्लग बाहेर काढून, इंजिनाला टेकवून, किक मारून ठिणगी बघतात. आम्ही घरी हे करू नका असंच सांगतो. त्या तारेत हजारो व्होल्टचा झटका असतो, आणि प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. त्यापेक्षा योग्य नंबरचा नवा प्लग लावून बघणं स्वस्त आणि सुरक्षित. गचके थांबले तर दोष सापडला. नाही थांबले तर नवा प्लग वाया गेला नाही, आधीचा चांगला असेल तर तो डिकीत जादा म्हणून राहील.

प्लगनंतर कॅप आणि तार. कॅपच्या आत ओल किंवा हिरवट गंज आहे का, रबराला चीर आहे का, तार कुठं घासून उघडी पडलीय का, ते बघा. ओल असेल तर कोरड्या फडक्यानं पुसून उन्हात वाळवा. गाडी धुताना प्लगच्या बाजूला पाण्याचा जोराचा फवारा मारायचा नाही, हेही घरात सगळ्यांना सांगा.

मग बॅटरी. नव्या गाड्यांत बॅटरीला फार महत्त्व आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ ची अट आली, तेव्हापासूनच्या बहुतेक दुचाकींत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्यात पेट्रोल किती सोडायचं हे एक छोटा संगणक ठरवतो, आणि बॅटरी कमजोर किंवा तिची तार ढिली असली की त्याचं कामही डळमळतं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड आली असेल तर किल्ली बंद करून आधी वजा खुणेची तार सोडा, मग अधिकची. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं टोकं साफ करा, पुसून कोरडी करा. लावताना उलटं, आधी अधिक, मग वजा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका आणि नंतर हात धुवा.

आता वारा, म्हणजे एअर फिल्टर. ऊसतोडीच्या दिवसांत, मळणीच्या दिवसांत, मुरमाड रस्त्यावर फिल्टर लवकर तुंबतो. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, पुस्तिकेत सांगितलं असेल तर तेलाचा हात देऊन लावता येतो. कागदाचा फिल्टर पाण्यात घालायचा नाही. त्यातही काही कागद तेल लावलेले असतात, ते फुंकून साफ होत नाहीत, बदलावेच लागतात. आणि फिल्टर काढून ठेवून गाडी चालवायची नाही, धूळ थेट इंजिनात जाते.

शेवटी जळण. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसतं. म्हणून टाकीचं झाकण नीट लावा, पावसात टाकी उघडी ठेवू नका, आणि बाटलीत महिनोन् महिने पेट्रोल साठवू नका. गाडी थोडं अंतर चालून बंद पडते, टाकीचं झाकण उघडल्यावर ‘फुस्स’ आवाज येतो आणि पुन्हा चालते, असं होत असेल तर झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं असतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत तळाचा स्क्रू ढिला करून साठलेलं पाणी-पेट्रोल काचेच्या बरणीत काढता येतं. पाणी असेल तर बरणीच्या तळाशी वेगळा थर दिसतो. इंजेक्शनच्या गाडीत मात्र पेट्रोलच्या नळीला हात लावायचा नाही, तिथं पेट्रोल दाबाखाली असतं.

इथं आपली हद्द संपते. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा गाडी चालू असताना पेटून राहत असेल, किक एकदम हलकी लागत असेल, निळा धूर येत असेल, आत ठोकल्यासारखा आवाज असेल, तर गाडी गॅरेजला. पण तिथं जाऊन ‘दादा, गाडी बिघडलीय’ एवढंच म्हणू नका. वही उघडा आणि सांगा : ‘गाडी तापल्यावर चढाला मिसिंग मारते. प्लग नवा टाकलाय, जुना हा बघा, काळा होता. फिल्टर साफ केलाय, बॅटरीची टोकं साफ केलीत.’ चांगला मेकॅनिक अशा बोलण्यानं खूश होतो, त्याचाही वेळ वाचतो. बदललेला जुना भाग परत मागा आणि बिल लिहून घ्या. आपण गटात पाच रुपयांची पावती घेतो, मग इथं का नको?

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास काढा. ज्या ताईची गाडी गार उभी आहे तिचा प्लग सगळ्यांनी मिळून काढा, रंग बघा, परत बसवा. मावशी, आजी, कॉलेजच्या पोरी, सगळ्यांनी एकेकदा पाना हातात घ्या. गटाच्या सामानात एक फिलर गेज आणि एक पितळी ब्रश ठेवा. आणि प्रत्येकीच्या डिकीत चार वस्तू असू द्या : प्लग पाना, योग्य नंबरचा एक जादा प्लग, कोरडं फडकं आणि छोटी वही.

मैत्रिणींनो, गाडी आपली आहे, तर तिचं दुखणंही आपल्याला कळायला हवं. तुमच्या गाडीच्या वहीत काय सापडलं ते आम्हाला बैठकीत जरूर सांगा.